सुरूची डावी मूठ

शनिवारी मधल्या सुट्टीत मालननं विचारलं, "सायरा, तुम्ही भावंडं किती गं?" आणि मी पेरूची फोड तोंडात टाकता टाकता म्हणाले, "मी एकटीच." झालं. एवढंच झालं. मालन पुढं काही विचारणारही नव्हती. तिनं लगेच आपल्या चार भावांची गाऱ्हाणी सुरू केली, आणि हसायच्या ठिकाणी मी हसलेसुद्धा. पण घंटा झाली, वर्गात येऊन बसले, बाईंनी फळ्यावर समीकरण मांडलं आणि माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गार पडलं. खरंच सांगते, बाकी सगळा हात गरम आणि ते एकच बोट गार. विहिरीत बुडवून काढावं तसं. मी ते मांडीवर घासलं, वहीखाली दाबलं, बाईंचं लक्ष नाही असं बघून तोंडातसुद्धा घातलं. पेरूचा वास आला, ऊब काही आली नाही. ओळख पटायला अर्धा तास लागला. ते सुरूचं बोट होतं. म्हणजे हात माझा, बोटही माझंच, पण ताबा सुरूचा. सुरैया, माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची आहे. चालत नाही, बोलत नाही, मान अजून नीट धरत नाही, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळते. डावी मूठ जन्मापासून मिटलेली. उजवी मात्र उघडते, आणि तिच्यात माझं बोट सापडलं की पुण्याची गाडी सुटायची वेळ झाली तरी सुटत नाही.

आता मी खोटं बोलणारी मुलगी नाही. उलट खरं फार मोठ्यानं बोलते, अशी खालाची तक्रार आहे. खाला म्हणजे अम्माची बहीण, पुण्यात गंज पेठेत राहते, तिच्याकडंच मी शिकायला आहे. शाळेत पहिल्याच दिवशी मी उभी राहून सांगितलं होतं, मी सायरा पीरमहंमद पिंजारी, मुक्काम पौड, तालुका मुळशी, आमचे अब्बा गाद्या पिंजतात. मागच्या बाकावर कुणी तरी 'ढुंग ढुंग' केलं, तर मी म्हटलं, "तसं नाही, आधी हलकं टुंग आणि मग ढंव," आणि करून दाखवलं. सगळा वर्ग हसला, त्यात मी सगळ्यात जास्त. माझं 'हाय-न्हाई' एका सहामाहीत गेलं, ते मीच घालवलं, आणि सुट्टीत गावी गेले की पुन्हा येतं, त्याचीही मला लाज नाही. परवाच 'मुलींनी सायकल चालवावी काय' या विषयावर मी ढाल जिंकली. सायकलवर मी आयुष्यात बसलेली नाही, पण अशी बोलले की परीक्षकांतल्या एक बाई रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. व्यासपीठावर उभं राहिलं की समोरची शंभर माणसं आपल्या जिभेवर येऊन बसतात, हे मला नुकतंच कळलंय, आणि ते कळल्यापासून मी जमिनीपासून चार बोटं वर चालते. खाला म्हणते, "ही पोरगी दोघींच्या वाटणीचं बोलती." ती हसत म्हणते. तिच्या मनात तसलं काही नसतं. पण ढाल घेऊन झोपले त्या दिवशी ते वाक्य उशीत सरकीसारखं टोचत राहिलं. दोघींच्या वाटणीचं. म्हणजे वाटणी झाली असेल का? मी आधी आले, नऊ वर्षं आधी, आणि सुरू यायच्या आत सगळे शब्द उचलून बसले? असलं गणित कुठल्या पुस्तकात नाही, मला ठाऊक आहे. तरी मी ते कितीदा सोडवलंय.

त्याच शनिवारी दुपारी गावी जायच्या एस.टी.त खिडकी मिळाली. एरवी खिडकी मिळाली की मी भूगावपर्यंत वाऱ्याशी भांडत जाते, पण त्या दिवशी बोट मुठीत धरून बसले होते. मार्गशीर्षातली कोवळी थंडी, भात झोडून झालेलं, खाचरं मोकळी, त्यांच्या बांधांवर पेंढ्याच्या गंजी. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाची गं तू?" आणि पिंजाऱ्याची म्हटल्यावर तो हरखून म्हणाला, "आरं तिच्या! पीरमहंमदची? ती बारकी कशी हाय, हाऱ्यातली?" मी म्हटलं, "बरी आहे." त्यानं मान डोलावली. "लई ग्वाड हसती." आणि तो झोपी गेला. म्हणजे पिरंगुटच्या अलीकडं सगळ्या मुलखाला सुरू माहीत आहे, आणि पलीकडं कुणालाच नाही. घाट चढताना गाडी कण्हायला लागली, आणि मला वाटलं, हा घाट म्हणजे माझंच पोट आहे, याच्या या अंगाला एक सायरा आणि त्या अंगाला दुसरी.

हाऱ्यातली, म्हणजे तसंच आहे. सुरू दोन वर्षांची झाली तरी बसेना. पाठ टेकवली की घसरायची, आडवी ठेवली की ठसकायची. अब्बा तेव्हा पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरत. रिहे, भरे, पार धरणापर्यंत. पिंजण म्हणजे माणसाएवढं धनुष्य, त्याला आतड्याची तात ताणलेली, लाकडी ठोकळ्यानं ती तात छेडली की तिच्या थरथरीनं कापूस सुटा होतो. एकदा पाऊस लागून राहिला म्हणून अब्बा घरातच पिंजायला बसले. सुरू कोपऱ्यात गोधडीवर, लाकडासारखी ताठ, रडून रडून निळी. तात वाजली, आणि सुरू गप्प झाली. पुन्हा वाजली, आणि तिचे ताठ पाय हळूहळू, लोणी पाघळावं तसे, सैल झाले. अम्मा चुलीपुढून उठून आली. अब्बांनी त्या दिवशी तोच एक शेर कापूस चारदा पिंजला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं फिरणं बंद. पिंजण आढ्याला टांगलं, आणि ज्यांना गादी पिंजून हवी त्यांनी गाडीत घालून पौडला यावं असा निरोप मुलखात गेला. लोक चिडले, मग यायला लागले. कुशाबा बुरूड आपल्या सासऱ्याची गादी घेऊन आला, त्यानं सुरूला पाहिलं, काही न विचारता दोरीनं तिची पाठ मापली आणि आठ दिवसांनी एक हारा, म्हणजे बांबूची खोल टोपली, विणून आणला. मागची बाजू उंच, पुढची बुटकी, बगलेत हात टेकायला कडा. त्यात पिंजलेला कापूस भरला आणि सुरू आयुष्यात पहिल्यांदा बसली. बसून तिनं घर पाहिलं. मी अकरा वर्षं जे घर बघत होते ते तिनं असं पाहिलं, जणू कुणी तरी आत्ताच बांधून दिलंय.

शेजारच्या रंभाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "हुसेनबी, मागल्या जन्मीचं कायतरी आसंल गं हे." अम्मा सुरूला पेज भरवत होती. आंबेमोहोराची पातळ पेज, बोटानं एकेक थेंब, आणि मग घशावरून खालपर्यंत तेच बोट फिरवायचं म्हणजे घोट उतरतो. एका वाटीला एक तास. अम्मा मान वर न करता म्हणाली, "आमच्यात मागला जल्म नसतुया, रंभाबाई. ह्यो येकच हाय. ह्यातच भागवायचं." रंभाबाई आधी ओशाळल्या, मग इतक्या हसल्या की त्यांची तपकीर सांडली. तेव्हापासून त्या रोज पेजेच्या वेळी येऊन बसतात. अम्मा प्रत्येक घोटाला बिस्मिल्ला म्हणते. एका वाटीत सत्तर-ऐंशी तरी होतात. रंभाबाई एकदा म्हणाल्या, "आगं, तुज्या द्येवाला कट्टाळा येत नसंल?" अम्मा म्हणाली, "त्येला येत न्हाई तवर मलाबी येत न्हाई." मी दाराआड अभ्यास करत होते, इतिहासाचा. लढाईचं साल विसरले, हे वाक्य विसरले नाही.

पण अम्मा आधीपासून अशी नव्हती. आधी ती मागायची. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, सुरूला पाठीला बांधून डोंगरावरच्या पीरबाबाकडं जायची, मी तेलाची बाटली घेऊन मागं. चालती होऊ दे, बोलती होऊ दे, निदान मान धरू दे. मागणं दर वेळी थोडं लहान व्हायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मग एका जुम्मेरातीला आम्ही गेलो, अम्मानं दिवा लावला, ओढणी पुढं पसरली आणि नुसती बसून राहिली. वारा एवढा होता की दिवा तीनदा विझला. उतरताना मी विचारलं, "अम्मा, आज काय मागितलंस?" ती म्हणाली, "काय न्हाई." दहा पावलं गेल्यावर म्हणाली, "ओढणी पसरली आन् हिनं माजं बोट धरलं. मनात आलं, म्या त्याच्याकडं मागतीया, आन् ही माज्याकडं. आदी हिचं मागनं म्या पुरं करती. मग माजं त्यो बघंल. न्हाई बघितलं तरी त्याचं त्यो." आणि मग एकदम, "ते तेल सांडू नगंस, डोक्याला लावू." त्यानंतर ती वर गेली नाही असं नाही, पण गेली की पाहुणी गेल्यासारखी जायची, विचारपूस करायला. मी या गोष्टीवर एकदा भाषण लिहायला घेतलं होतं. दोन ओळींवर फाडलं. ती गोष्ट टाळ्यांची नव्हती.

पौडला उतरले, घरात शिरले, दप्तर टाकलं आणि सुरूसमोर बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला पाहायला वेळ लागतो, आधी डोळे छताकडं जातात, मग भिंतीवरून उतरत उतरत माझ्यापर्यंत येतात, आणि पोचले की तोंडभर हसू. मी बोट पुढं केलं. तिनं धरलं. बोट गरम व्हायला हवं होतं ना? झालं नाही. तिची मूठ कढत होती, आणि आत ते बोट तसंच. रात्री अम्मानं तेल कोमट करून सुरूची डावी मूठ उकलली, रोजच्यासारखी, करंगळीपासून एकेक, आत अडकलेला कापूस टिपून काढला, तळवा पुसला, फुंकर घातली. मूठ पुन्हा मिटली. "ढाल दाकव की हिला," अम्मा म्हणाली. मी म्हटलं, "शाळेत ठेवून घेतलीय." हेही खोटं. ढाल दप्तरात होती.

रविवारी सकाळी अब्बा तात ताणत होते. रात्रीचा पिंजलेला कापूस जमिनीवर ढीगभर पडला होता, पांढरा, फुगलेला, बोट लावलं तरी दबणारा. त्या ढिगातच सुरूचा हारा. आमचा एक खेळ आहे. मी तिच्या अंगावर कापूस रचत जाते, हलका हलका, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, आणि मग विचारते, "सुरू कुटं गेली?" ती श्वास धरून बसते. पहिली तात वाजली की मी कापूस उडवते, "सापडली!" आणि ती हसते. हसताना तिचं सगळं अंग हसतं, हारासुद्धा. बाहेर बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला. अब्बा उठून गेले. अम्मा मागल्या दारी. आणि बाहेरून हाक आली, "सायराऽ! अगं सायरा राहते ना इथं?"

मालन. भरेच्या हैबतरावांची भाची. मामाकडं लग्न निघालंय, गाद्या पिंजायच्यात, हे ती काल सांगत होती तेव्हा मी हसायच्या ठिकाणी हसत होते आणि ऐकत नव्हते. पुढं काय झालं ते मी फार वेळा मनाशी सांगून पाहिलंय, दर वेळी थोडं बरं करून. पण झालं ते असं, की माझ्या हातांनी सुरूवर कापूस रचला. छातीपर्यंत. हनुवटीपर्यंत. आणि थांबले नाहीत. सुरू माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत खेळ सुरू झाला होता, तिनं श्वास धरला. मी तिच्या चेहऱ्यावर कापूस ठेवला, टाळूवर ठेवला, हारा दिसेनासा झाला, आणि मी उठून परकराला हात पुसत दारात गेले.

"ये ना!" मी म्हटलं. केवढ्यानं म्हटलं!

मालन आत आली. "बाई, केवढा कापूस! ढगच की गं! उडी मारू?" मी म्हटलं, "नको नको, सरकी असते, टोचेल," आणि बोलत सुटले. पिंजण दाखवलं, तात आतड्याची असते सांगितलं, तिनं नाक मुरडलं, तर मी नाक मुरडणाऱ्यांच्या गाद्यांत आम्ही मुद्दाम सरकी ठेवतो म्हटलं, ती हसली, मी हसले. माझं तोंड ढाल जिंकत होतं. आणि डोळे ढिगावर. ढिगाच्या वर एक तंतू सुटा उभा होता, तो हलत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मालन म्हणाली, "आमच्या मामाची मोठी गादी आहे ना, तिच्यावर आजोबा..." तंतू हलायचा थांबला. "...तीस वर्षं झोपले, पण..." तंतू थांबलेलाच. अंगणात अब्बा आणि हैबतराव खोळीचं कापड कुठलं घ्यायचं यावर बोलत होते. तात वाजणार नव्हती. खेळाचा शेवट करणारं कुणी नव्हतं, आणि ती श्वास धरून वाट बघत होती, ते माझ्या भरवशावर. माझ्या! मला वाटतं मी वाक्याच्या मधोमध होते. काय वाक्य होतं ते आता आठवत नाही, पण ते तसंच टाकून मी ढिगावर पडले. दोन्ही हातांनी कापूस उधळला. तो माझ्या तोंडात गेला, डोळ्यांत गेला, मालन "अगं अगं" करत मागं सरली, हाऱ्याची कड हाताला लागली, मग गाल लागला. गरम. सुरू लालबुंद झालेली, पापण्यांवर कापूस, नाकाच्या शेंड्यावर कापूस. तिनं मोठ्ठा श्वास घेतला, मला पाहिलं, आणि हसली. सापडल्यासारखी हसली. एवढा वेळ लपायला आजवर कुणी दिलं नव्हतं तिला. हारा गदगदा हलत होता.

मागल्या दारातून अम्मा पेजेची वाटी घेऊन आली. माझ्या तोंडातला कापूस बघून, सुरूला बघून म्हणाली, "आगं, दारात पाव्हनी आली आन् तुमचा लपाछपीचा ख्योळ! कवा मोटी व्हनार गं तू?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं खेळच समजलं. दोघींनीही खेळच समजलं. या घरात मला कुणी चोर समजायला तयारच नव्हतं.

"ही कोण?" मालननं हळूच विचारलं.

"माझी बहीण. सुरैया. सुरू म्हणतो आम्ही."

"पण काल तर तू..." आणि ती थांबली. मालन चांगली मुलगी आहे, थांबली.

"काय काल?" अम्मा खाली बसत म्हणाली.

मी शंभर माणसांपुढं बोलले आहे. या तिघींपुढं आधी तोंडातला कापूस काढावा लागला. "अम्मा, काल हिनं विचारलं भावंडं किती, आणि मी म्हटलं, मी एकटीच. आणि आत्ता खेळत नव्हते. लपवली होती मी तिला."

अम्मानं वाटी खाली ठेवली. सुरूच्या पापणीवरचा कापूस ओल्या बोटानं टिपला, एक पापणी, मग दुसरी. मग नाक. "गनितात किती पडलं गं तुला?" तिनं विचारलं.

"शंभरात ब्याण्णव."

"मग येवढं कसं चुकलं? परत मोज."

"दोन," मी म्हटलं.

"मोट्यानं."

"दोन!" अंगणातून अब्बांनी विचारलं, "काय दोन?" अम्मा म्हणाली, "पोरी!" आणि हैबतरावांचं गडगडाटी हसणं आत आलं. अम्माही हसली, पण हसताना तिनं माझा दंड धरला तो चांगलाच दुखेपर्यंत धरला. ती समजली होती. सगळं समजली होती. "पुन्यांदा तोंडावर कापूस घातलास तर तंगडं मोडीन," एवढंच कानाशी म्हणाली, आणि वाटी उचलली. "बिस्मिल्ला."

मालन सुरूजवळ मांडी घालून बसली होती. तिला काय करावं कळत नव्हतं, म्हणून तिनं आपलं सुरूच्या बाहीवरचा कापूस वेचायला घेतला. आणि सुरूची उजवी मूठ उघडली, सावकाश, कमळ-बिमळ नाही, दार करकरत उघडावं तशी, आणि मालनचं बोट तिनं पकडलं. "अगं बाई, केवढी ताकद!" मालन खुलली. "सोडतच नाही गं! बघ ना, सायरा!" मी बघत होते. बघता बघता माझ्या पोटात असा जाळ उठला की विचारू नका. ते माझं होतं. बोट मालनचं असेल, पण ते धरणं माझं होतं. सहा वर्षांचं, पेजेच्या वासाचं, गाडी चुकवणारं. काल अर्ध्या पेरूसाठी सोडून दिलं होतं मी ते, आणि आज कुणी तरी सहज येऊन बसलं तर मला मालनला अंगणात ढकलून द्यावंसं वाटत होतं. आणि त्या जाळात माझं बोट तापलं. कधी तापलं कळलंच नाही.

अम्माचं लक्ष घोटाकडं होतं. सुरूची उजवी मूठ भरलेली. म्हणून मी पलीकडच्या बाजूला सरकले आणि तिची डावी मूठ मांडीवर घेतली. मिटलेली, नेहमीसारखी. तेल नव्हतं, कोमट काही नव्हतं. मी उकलली नाही. नुसतं बोट तिच्या करंगळीच्या बाजूला, जिथं अगदी बारीक फट असते, तिथं टेकवून ठेवलं. बाहेरून अब्बा आले, त्यांनी ठोकळा उचलला, पहिली तात वाजली, हलकं टुंग आणि मग ढंव, आणि हाऱ्यातून ती थरथर माझ्या बोटापर्यंत आली. मूठ काही उघडली नाही. मी मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि बसून राहिले. मला काही घाई नव्हती. पुण्याची गाडी चारला होती.